हायपोचे पाणी

छायाचित्रणाविषयी बोलताना आपण बहुधा प्रकाशाविषयीच बोलतो. पण कागदावरची प्रतिमा सिद्ध होते ती पाण्यात. डेव्हलपर, आम्लाचे पाणी, हायपो आणि अखेरीस नळाचे वाहते पाणी, एवढी स्नाने तिला घडावी लागतात. ही द्रावणे तयार मिळत असता मी ती घरी का करतो, असे मला पुष्कळदा विचारले जाते. काटकसर हे त्याचे कारण आहे, पण मुख्य नव्हे.

कोडॅकच्या डी-७६ या जुन्या डेव्हलपरचे सूत्र सुटसुटीत आहे: लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. सोनार डाग देताना वापरतो तोच. खरी मेख आहे ती क्रमात. मेटॉल नुसत्या पाण्यात हवेने तपकिरी पडू लागते आणि सल्फाइटने दाटलेल्या पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, आणि ते पुरते विरघळल्यावरच उरलेले सल्फाइट. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे शब्दक्रमाची आठवण झाली तर मी हरकत घेणार नाही. दादासाहेब फाळके यांच्या घरी फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि रसायने मिसळण्याचे काम सरस्वतीबाई करीत. चित्रपटाच्या इतिहासात त्या कामाला जेमतेम एखादी ओळ मिळते, याचे मला वाईट वाटते.

माझा जीव मात्र गुंतला आहे तो हायपोत. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली नोंदवले. प्रतिमा कायम करण्यासाठी त्याचा उपयोग झाला तो वीस वर्षांनी, १८३९ मध्ये. लिटरभर पाण्याला पाव किलो खडे घातले की पातेले हाताला एकदम गार लागते, जणू माठच. मी आता दिल्लीत राहतो. इथल्या जूनमध्ये डेव्हलपर २० अंशांवर आणायला बर्फ लागतो, तेव्हा हा गारवा फुकटचा म्हणून बरा वाटतो.

आईचे एकच छायाचित्र आमच्या घरी होते. १९६८ साली गावातल्या एका स्टुडिओत काढलेले. पांढरे पातळ नेसून ती खुर्चीत बसली आहे. मी कळता होईतो त्या पातळावर पिवळट-तपकिरी ढग पसरू लागले होते. थकलेल्या हायपोत चांदीचे क्षार पुरते निघून जात नाहीत. जे कागदात मागे राहतात त्यांचे पुढे सल्फाइड होते आणि तो डाग वर येतो. हायपो थकला की नाही, हे ओळखायला पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे चार थेंब पुरतात: पिवळसर साका धरला आणि हलवूनही राहिला, की ते पाणी टाकावे. चार थेंबांचे काम! त्या स्टुडिओविषयी माझा राग इतक्या वर्षांनीही पुरता ओसरलेला नाही, आणि दुसऱ्याने मिसळलेल्या हायपोवर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळेच.

त्या छायाचित्राची नक्कल मी गेल्या हिवाळ्यात केली. डाग ज्या रंगाचा, त्याच रंगाची काच भिंगापुढे धरली की तो काळ्यापांढऱ्या फिल्मवर फिका पडतो. मी पिवळी काच धरली. नंतर कागद ताज्या हायपोच्या दोन पाण्यांतून काढला आणि तासभर धुतला. आईचे पातळ पांढरे निघाले. चेहरा मूळ प्रतीइतका मऊ उतरलेला नाही. ते ढगांमागून दिसणारे डोळे मला अधिक ओळखीचे वाटतात. म्हणून दोन्ही प्रती मी ठेवल्या आहेत.

वापरलेला हायपो मोरीत ओतायचा नसतो, कारण त्यात चांदी असते. मी तो बरणीत साठवतो आणि त्यात बारीक लोखंडी तारांची गुंडी सोडतो. लोखंड विरघळत जाते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसते. कागदावर जे जे पांढरे राहते, तिथलीच चांदी सगळ्यात जास्त या पाण्यात उतरते. त्या दिवशीच्या बरणीवर मी तारीख घालून ठेवली आहे. तळाशी बोटाच्या पेराएवढाही थर नाही.