करंगळी शिकलेली नाही

किंग सॅमन कुणीही ग्रिल करील. त्याच्यात चरबी इतकी, की दोन मिनिटं जास्त राहिला तरी तो आपल्याला सांभाळून घेतो. सॉकाय तसा नाही. रोडका मासा, खांद्याशी जेमतेम इंचभर जाड, शेपटीकडे त्याच्या निम्माही नाही. कच्चा आणि कोरडा यांच्यामध्ये त्याचं एखादं मिनिट असतं. ते मिनिट ओळखायला माझ्याकडे उजव्या हाताची तर्जनी होती.

सर्वांत जाड जागी हलकेच दाबायचं. कच्चं मांस दबतं ते दबलेलंच राहतं. झालेलं उसळून वर येतं. मधे एक क्षण असा, की पापुद्रे एकमेकांवरून सरकतात पण सुटत नाहीत. तेव्हा उचलायचा. आता मनगटातली नस दबल्यामुळे अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत. चटका बसतो, सरकणं कळत नाही. करंगळीची नस वेगळी, ती शाबूत आहे; पण करंगळी शिकलेली नाही. तिला सगळेच मासे मऊ लागतात.

डोळ्यांनी बघावं, तर कडेने फिकट होत वर चढणारी रेघ झाकणाखाली दिसत नाही. झाकण सारखं उघडलं तर आच जाते. पांढरे थेंब फुटेपर्यंत थांबायचं? ते थेंब म्हणजे आकसलेल्या मांसाने बाहेर पिळून काढलेलं प्रथिन. मिठाच्या पाण्यात आधी थोडा वेळ ठेवला तर ते कमी दिसतात, इतकंच. दिसू लागले तेव्हा उशीर झालेलाच असतो.

शेवटी थर्मामीटर. सरकारी आकडा 145 फॅरनहाइट. त्या आकड्यावर सॉकायचा भुसा होतो. मी 120ला उतरवते; ताटात तो आपला आपण आणखी चारपाच अंश चढतो. म्हणूनच मी बोटीवर किंवा किनाऱ्यावर कडक गोठवलेला मासा घेते. नीट गोठवल्यावर जंत मरतात.

इथे सिअ‍ॅटलमध्ये हे बोलायची सोय नाही. मेच्या मध्यावर अलास्कातल्या कॉपर रिव्हरचा पहिला मासा विमानाने येतो, त्याला लाल गालिचा अंथरतात, आणि मग दुकानात त्याचा भाव विचारायची छाती होत नाही. मासा उत्तमच. सुमारे तीनशे मैलांची खळाळती नदी उपाशीपोटी चढायची, म्हणून तो समुद्रातच चरबी साठवून येतो. पण जुलैतला अलास्काच्याच ब्रिस्टल बेचा गोठवलेला सॉकाय माझ्या ग्रिलवर त्याच्या पुढे मान खाली घालत नाही. पहिल्या आठवड्यातले अर्धे पैसे गालिच्याचे असतात.

जाळ्यात वाढवलेल्या अटलांटिक सॅमनबद्दल मात्र मी तोंड आवरत नाही. अलास्काने मत्स्यशेतीवर 1990पासून बंदी घातली आहे. आमच्या वॉशिंग्टनमध्ये 2017 साली सायप्रेस बेटाजवळ जाळी फुटून लाखोंनी परके मासे मोकळे सुटले, तेव्हा कुठे कायदा झाला. माझी एक मैत्रीण तोच मासा तंदुरी मसाला फासून करते. तो कधीच कोरडा होत नाही आणि पाहुणे दुसऱ्यांदा मागतात. मसाल्याखाली पुठ्ठाही खपेल, असं मी घरी येऊन म्हणते.

माझ्या माणसांना माझा मासा मुळात झालेला वाटतच नाही. मालवणहून आलेल्या मावशीने काटा लावला आणि म्हणाली, "कच्चो आसा गो." रव्यातली सुरमई तव्यावर खरपूस खाल्लेली जीभ ती. मी तिच्यासाठी शेपटीकडचा तुकडा ठेवू लागले. तो नेहमीच जास्त होतो.

डॉक्टर म्हणतात, छोटं ऑपरेशन आहे, नस मोकळी होईल. सीझन संपू दे, असं मी दर सीझनला म्हणते. खरी भीती अशी, की बोट परत येईल आणि काही आठवणार नाही.

तोवर थर्मामीटर एप्रनच्या खिशात असतो. पाहुण्यांसमोर मी आधी बधिर बोटाने दाबते, मान हलवते, मग झाकणाआड सुई टोचून आकडा बघते. "काकूंच्या हाताला कळतं," कुणीतरी म्हणतंच. मी नाही म्हणत नाही.

यंदा भाची शिकायला येऊ लागली आहे. ती दाबते आणि विचारते, "आता?" मी तिच्या पाठीमागून 112 वाचते आणि सांगते, "अजून नाही." 120ला सांगते, "हं, हे लक्षात ठेव." तिचं बोट छान तयार होतंय. परवा तिने आईला फोनवर सांगितलं, मावशीने नुसतं बघून ओळखलं.