पुस्तकात नसलेली चाल

आजीचं ‘उपासना संगीत’, म्हणजे आमचं ख्रिस्ती गीतांचं पुस्तक, माझ्याकडे आलं तेव्हा त्याचा पुठ्ठा कधीच गेला होता. तिनं जुन्या लुगड्याचं फडकं शिवून त्याला चढवलं होतं. आजीला अक्षरओळख बेताची. पुस्तक हातात धरायची, पण गायची तोंडपाठ. नाहीतरी त्यात नुसते शब्दच. चाल मंडळीच्या गळ्यात.

नेवासे तालुक्यातल्या आमच्या देवळात रविवारी पेटी, तबला, झांजा, सगळं असे. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही देऊळच म्हणतो. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली, पण उपासनेत अभंगाची गोडी आम्हाला लागली ती ना. वा. टिळकांमुळे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला साहेबी चालींवर ओढूनताणून बसवलेली मराठी गीतं खुपली असणार, असं मला आपलं वाटतं.

1986 साली बँकेनं माझी बदली बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात केली. पहिल्याच रविवारी टपरीवर विचारलं, ‘‘इथं देऊळ कुठंय?’’ चहावाल्यानं अगत्यानं मारुतीकडे बोट दाखवलं. चर्च म्हटल्यावर हसला. ‘‘मंग मिशनवाले म्हना ना! नर्सबाईच्या घरी जमतात.’’

ओसरीवर सतरंजी, नऊ माणसं, पेटी नाही. ही मंडळी नाझरीन पंथाची. मिशनऱ्यांनी पूर्वी मुलूख वाटून घेतले होते; नगरकडे अमेरिकन मराठी मिशन, बुलढाण्यात नाझरीन. म्हणजे माझा पंथ आजोबांच्या सातबाऱ्यानंच ठरवला होता!

पहिलंच गीत टिळकांचं निघालं. मी हौसेनं आवाज लावला आणि दुसऱ्या ओळीला एकटाच उरलो. शब्द तेच, चाल निराळी. कान तापले. नर्सबाई थांबल्या.

‘‘हे कोनती चाल हाये, भाऊ?’’

‘‘नगरची.’’

‘‘बरं. आज आमची म्हना. पुढच्या रईवारी तुमची शिकवा.’’

शिकवली. सहा वर्षं त्या ओसरीवर बसलो. पावसाळ्यात कधी चारच जण असू, तेव्हा प्रार्थनेत प्रत्येकाच्या घरचं नाव, म्हैस, विहीर, सगळं यायचं. गावच्या भरल्या देवळात माझी विहीर कोणी विचारली नव्हती.

निवृत्तीनंतर गावी परतलो. परवा तेच गीत निघालं आणि दुसऱ्या कडव्याला माझा गळा बुलढाण्याकडे वळला. पुढच्या बाकावरची दोन डोकी मागं फिरली. पेटीवाल्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, भाता तसाच चालू ठेवला, आणि सूर शोधू लागला.