फुकटची मते

बदलापूर या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती अशी सांगतात की, मराठ्यांचे स्वार लांबच्या दौडीवर निघाले म्हणजे येथे थकलेले घोडे सोडून ताज्या घोड्यांवर मांड टाकीत. घोडे बदलण्याचे ठिकाण ते बदलापूर. भाषाशास्त्राच्या कसोटीस ही व्युत्पत्ती कितपत उतरेल याचा विचार येथे कर्तव्य नाही. आम्ही ती एकदा आमच्या भाच्यास सांगितली मात्र, आणि तो तत्काळ उद्गारला, "म्हणजे मामा, हा पिट स्टॉपच की!" मग फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मोटारीची चारही चाके कशी बदलतात आणि २०२३ साली कतार येथे मॅक्लारेनच्या माणसांनी ते काम अवघ्या १.८० सेकंदांत कसे उरकले, हे त्याने आम्हांस ऐकविले. आमच्या स्वारांना घोडा बदलावयास किती वेळ लागत असे, हे त्याने विचारले नाही, हे आमचे भाग्यच म्हणावयाचे.

हा भाचा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रे जुळविण्याचे काम करतो. आम्ही उल्हासनगरास कॉलेजात इंग्रजी शिकवितो. राहणे दोघांचेही बदलापुरास. तेव्हा सकाळची लोकल बहुधा एकच. बदलापूर ते अंबरनाथ हे अंतर ते किती! परंतु तेवढ्या अवधीत, एका हाताने वरची कडी धरून, हा मनुष्य अग्निबाण, शर्यतीच्या मोटारी आणि विमाने यांविषयी इतकी मते व्यक्त करतो की, आम्हांस आमच्या विषयात तेवढी मते बनविण्यास तीस वर्षे लागली. मत देण्यास तिकीट पडत नाही, हे त्याचे कारण असावे.

गेल्या वर्षीची गोष्ट घ्या. २५ जून २०२५ रोजी दुपारी १२ वाजून १ मिनिटाने शुभांशु शुक्ला यांचे यान फ्लोरिडातून निघाले. राकेश शर्मा १९८४ साली सोयुझ टी-११ मधून गेले होते, त्यानंतर ४१ वर्षांनी एक भारतीय अंतराळात जात होता. आमच्या वर्गातील मुलांनी तो क्षण मोबाइलवर पाहिला, आणि त्या तासाला कवितेकडे कोणाचे लक्ष लागले नाही. आम्हीही फार आग्रह धरला नाही. भाच्याचे मत मात्र निराळेच. "यान आपणच जाते, आपणच स्थानकाला जोडून घेते. आत बसणारा पाहुणा. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले ते सुमारे ६१५ कोटींत, आत कोणी नव्हते. या एका आसनाला साडेपाचशे कोटींच्या घरात पैसे गेले. हिशेब तुम्हीच करा."

हिशेब बिनचूक होता. म्हणूनच आम्हांस तो आवडला नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या त्या संध्याकाळी साऱ्या देशाने टाळ्या वाजविल्या हे खरे. परंतु यंत्राची वाट पाहत घरी कोणी बसलेले नसते. कल्पना चावला यांचे कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर फुटले, त्याचे मूळ उड्डाणाच्या वेळी सुटून पंखावर आदळलेल्या फेसाच्या एका तुकड्यात होते. सात माणसे गेली. अशा प्रवासाला निघणारास पाहुणा म्हणणे आमच्या जिभेवर येत नाही. आम्ही तसे म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "तेच म्हणतो मी मामा, मग माणूस पाठवायचाच कशाला?" इतक्यात अंबरनाथ आले आणि तो उतरून गेला. वादात शेवटचा शब्द आपला राहावा म्हणून योग्य स्थानकावर उतरणे, ही कला आमच्या विद्यापीठीय परिसंवादांतील वक्त्यांनी त्याच्यापासून शिकण्याजोगी आहे.

मोटारींच्या शर्यतीबाबत तो एके काळी याहूनही ठाम असे. चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान बसविण्याची सक्ती २०१८ साली झाली. तिला हेलो म्हणतात. ती कमान दिसावयास ओबडधोबड होती, आणि जगभरच्या शौकिनांप्रमाणे आमच्या भाच्यानेही तिजवर तोंडसुख घेतले. मोटारीचे सौंदर्य गेले, शर्यतीतील मर्दपणा गेला, वगैरे. रोमँ ग्रोझाँ या चालकाचाही तिला आरंभी विरोध होता. पुढे २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारिनच्या शर्यतीत याच ग्रोझाँची मोटार कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. अर्ध्या मिनिटाच्या आत तो ज्वाळांतून आपल्या पायांनी बाहेर आला, आणि आपण जिवंत आहो ते त्या कमानीमुळे, हे त्याने मोकळेपणी सांगितले. त्याचे मत बदलावयास तेवढे दिव्य करावे लागले. भाच्याचे मत दूरचित्रवाणीपुढे बसल्या बसल्या बदलले. दोघांच्या मताची किंमत एक धरावी काय? आम्हांस नाही वाटत.

परंतु येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या विषयावर हा भाचा सर्वांत कमी बोलतो, तो विमानाचा. त्यास वैमानिक व्हावयाचे होते. पैशांची तजवीज आमच्या भगिनीने व मेहुण्यांनी कशीबशी केलीही असती; पण वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचावयास सांगितले, आणि त्यास ते दिसेनात. तांबडा रंग त्यास नुसता मंद दिसतो. आंबा पिकला की नाही हे तो वासावरून ओळखतो, याचे आम्हां सर्वांस त्याच्या लहानपणी कौतुक वाटे.

पुढे नोकरी लागल्यावर त्याने उल्हासनगरच्या बाजारातून एक एक वस्तू जमविली: संगणक, सुकाणूचा दांडा, पायांनी दाबावयाच्या पट्ट्या. घर दोन खोल्यांचे. त्यातील एका कोपऱ्यात आता विमानाचे आसन आहे. आमच्या भगिनीस हा पोरखेळ वाटतो. वस्तुतः हा खेळ मोठ्या कुळातला आहे. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. त्याच ऑर्गनचे भाते वापरून लिंकने १९२९ च्या सुमारास एक लुटुपुटीचे विमान तयार केले. भात्यांत हवा कमीजास्त झाली की ते कलत असे. प्रथम ते जत्रेतल्या करमणुकीच्या लायकीचेच ठरले. पण १९३४ साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक ढगांत व रात्रीच्या अंधारात मरू लागले, तेव्हा अमेरिकन सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर तयार झाले. पेटीच्या भात्यातून सूर निघतो हे आपणांस ठाऊक; त्यातून वैमानिकही निघाले!

एका रविवारी भाच्याने पडद्यावर जे. आर. डी. टाटांचा १५ ऑक्टोबर १९३२ चा प्रवास करावयास घेतला. कराचीहून सकाळी निघून अहमदाबादमार्गे दुपारी जुहू. एका इंजिनाचे छोटे विमान, आणि घाई मुळीच करावयाची नाही. आमच्या भगिनीने अकराच्या सुमारास जेवावयास हाक मारली. "अहमदाबाद येऊ दे," असे उत्तर मिळाले. टाटांच्या विमानासाठी अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. याच्यासाठी पोळीभाजीचे ताट आले, आणि ते त्याने डाव्या हाताशी ठेवून तसेच थंड होऊ दिले.

जुहू जवळ येताना त्याने आम्हांस हाक मारली. "मामा, इकडे बसा जरा." धावपट्टीच्या कडेस चार दिव्यांची एक ओळ असते. विमान फार उंच असेल तर चारही पांढरे दिसतात, फार खाली असेल तर चारही तांबडे. वाट नेमकी असेल तर दोन पांढरे, दोन तांबडे. १९३२ साली जुहूस असले काही नव्हते, पण संगणकातले जुहू आजचे. दिवे त्यास दिसत होते. कोणते कसले, एवढेच उमगत नव्हते. आम्ही चष्मा पुसून प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो.

"तीन पांढरे, एक तांबडा," आम्ही सांगितले.

त्याने दांडा किंचित पुढे केला. लोकलमधील तो वाचाळ मनुष्य एक अक्षरही बोलत नव्हता.

"आता?"

"दोन पांढरे. दोन तांबडे."

"बघत राहा मामा," तो म्हणाला, "बदलले की लगेच सांगा."