दिवाण : कागदांचे घर ते बसण्याची जागा

१/ बैठकीच्या खोलीतील पेटीवजा पलंगास आपण 'दिवाण' म्हणतो. संस्थानाचा मुख्य कारभारीही दिवाणच. जमिनीच्या वाटणीचा दावा चालतो तो 'दिवाणी' न्यायालयात. आसन, अधिकारी आणि न्यायालय यांना एकच शब्द कसा लाभला, याविषयी हा धागा.

२/ शब्द फारसी. अभ्यासक त्याचे मूळ प्राचीन फारसीतील 'दिपि', म्हणजे लेख, या शब्दात पाहतात. दिवाण म्हणजे लेख ठेवण्याचे घर. अशोकाच्या शाहबाजगढी येथील शिलालेखांत 'दिपि' हाच शब्द येतो, इतरत्र 'लिपि'. म्हणजे आपली लिपी आणि आपला दिवाण ही दूरची भावंडे.

३/ सातव्या शतकात खलिफा उमर यांनी सैनिकांच्या वेतनाची नोंद सुरू केली. तिचे नाव 'दिवान'. पुढे ते नाव वहीवरून कचेरीस आणि कचेरीवरून तिच्या प्रमुखास मिळाले. १७६५ साली शाह आलमने ईस्ट इंडिया कंपनीस बंगालची 'दिवाणी' दिली, म्हणजे मुख्यतः महसूलवसुलीचा अधिकार. दिवाणी न्यायही त्याच अधिकारात येई.

४/ मग आसन कुठून आले? उस्मानी तुर्कांची राजसभा म्हणजे 'दिवान'. तेथे भिंतीलगत गाद्या-उशांची लांब बैठक असे. सभेचे नाव बैठकीस चिकटले आणि युरोपात ते आसनाचे नाव म्हणून रूढ झाले.

५/ पेशवाईतील वाड्यांत 'दिवाणखाना' असे. पुण्याच्या नाना वाड्यातील प्रसिद्धच आहे. पण बसणे गादीवर, लोड-तक्क्याला टेकून.

६/ थेरगावातील आमच्या दोन खोल्यांत दिवाण हाच दिवाणखाना. दिवसा पाहुण्यांचे आसन, रात्री आजीचे अंथरूण, पोटात गोधड्या. गोधड्यांखाली पत्र्याची पेटी : आजीच्या माहेरच्या जमिनीतील वाट्यासाठी चाललेल्या दिवाणी दाव्याचे कागद.

७/ आजीस वाचता येत नाही. पेटी काढायची तर तिला उठावे लागते. ती झाकण धरून उभी राहते आणि प्रत्येक कागद कशाचा ते विचारते. गेल्या उन्हाळ्यात मी तिला सर्व वाचून दाखवले आणि यादी केली. एकेचाळीस कागद. एका जुन्या फेरफारात वारस म्हणून तिच्या तिन्ही भावांची नावे आहेत, तिचे नाही. तो कागद तिने दोनदा वाचावयास लावला. दावा अद्याप चालू आहे.

८/ जुना दिवाण विकण्यापूर्वी त्याच्या पोटातील कागद वाचा, यादी करा. घरातील स्त्रियांची नावे कोणत्या कागदावर आहेत आणि कोणत्या नाहीत, तेही पाहा. आणि तुमच्याकडे या आसनास दुसरे नाव असल्यास खाली अवश्य कळवा.