वहाणेचा वारा

परवां रात्रीं पाणी पिण्यासाठीं स्वयंपाकघरांत गेलों, तों मोरीच्या कांठावर एक झुरळ दिसलें. मागून नेम धरून वहाण हाणली. परंतु ती खालीं येण्यापूर्वींच स्वारी फडताळाखालीं गुप्त! पाठमोऱ्या प्राण्यास हें कळलें कसें?

माझी पुतणी महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकविते. ती म्हणाली, "काका, वहाणेआधीं वहाणेचा वारा पोहोंचतो." झुरळाच्या मागील टोंकास शिंगांसारखीं दोन उपांगें असतात व प्रत्येकावर सुमारें २०० अतिसूक्ष्म केस. प्रत्येक केस ठराविक दिशेसच सहज लवतो. म्हणून वारा कोणीकडून आला, हें कोणते केस लवले यावरून ठरतें. ती वर्दी पोटाच्या टोंकाशीं असलेल्या मज्जाग्रंथींत जाते आणि तेथून जाड तंतूंवरून, पाय हालविणाऱ्या छातींतील ग्रंथींकडे धांवते. तंतु जितका जाड, तितका संदेश शीघ्र. अमेरिकेंतील केनेथ रोडर यांनीं १९४८ मध्यें या तंतूंविषयींचें संशोधन प्रसिद्ध केलें. पुढें १९७८ मध्यें जेफ्री कॅम्ही व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, भक्ष्यावर झडप घालणाऱ्या भेकानें ढकललेली हवाच झुरळास आधीं सावध करते. झुळूक लागल्यापासून अंग वळूं लागेपर्यंत सेकंदाचा सुमारें विसावा भाग लागतो. त्या पहिल्या वळणास मेंदूच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाहीं.

हें ऐकून मला झोंप आली नाहीं. माझ्या वर्गांत पहिल्या बाकावर एक मुलगा असे. मीं फळ्यावर लिहावयास नुसता हात उचलला, तरी तो मान आखडून घेई. "भित्रा!" म्हणून मी त्यास सर्वांदेखत हिणवीत असें, मुलें हसत. पुढें तो आपण होऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसूं लागला.

बुद्धिपूर्वक केलेलें कर्म व अबुद्धिपूर्वक घडलेलें कर्म यांत शास्त्रकारांनीं भेद केला आहे, हें मीच त्या वर्गास शिकवीत होतों. त्या मुलाची मान विचारपूर्वक वळत नव्हती. मग त्यास दोष कसला? आणि झुरळाची ही सवय तर जन्मजात असते. त्या मुलास ती माझ्या छडीनें लाविली होती.

त्याचें नांव अद्याप स्मरतें. पत्ता मात्र ठाऊक नाहीं. असता, तर दोन ओळी लिहिल्या असत्या.