इंद्रसभेच्या अंगणात दुसऱ्या लेन्सचा विचार

वेरूळची चौतीस लेणी एकाच डोंगराच्या पोटात सुमारे दोन किलोमीटर पसरलेली आहेत. दक्षिणेकडून निघाले की पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू आणि अगदी उत्तर टोकाला ३० ते ३४ या क्रमांकांची आपली जैन लेणी. १९८३ साली वेरूळला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हापासून देशोदेशीचे प्रवासी येथे येतात. परंतु सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहून होईपर्यंत बहुतेकांचे पाय थकतात आणि उत्तरेकडचा एक किलोमीटरहून अधिक रस्ता राहून जातो. जे तेथवर येतात त्यांना मात्र राष्ट्रकूटकाळातील, इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांतील शिल्पवैभव निवांतपणे पाहावयास मिळते. हे टोक गाठल्यावर गर्दीचा आवाज मागे राहतो आणि पारव्यांचे घुमणे तेवढे ऐकू येते.

या खेपेस आमच्या जाण्यास एक विशेष कारण होते. माझ्या आईचे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने इंद्रसभेतील बाहुबलींचे दर्शन घेतले होते आणि तेथील वेली, हरिणे, शांत मुख यांचे वर्णन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता गुडघ्यांमुळे तिला लेण्याच्या पायऱ्या चढवत नाहीत. धाकट्या भावाच्या मुलीने नुकताच पहिला कॅमेरा घेतला होता. तेव्हा आजीसाठी बाहुबली घरी आणायचे, असे तिने ठरविले. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स तिच्याजवळ होती. दुसऱ्या लेन्ससाठी घरातून एक ठरावीक रक्कम मंजूर झाली होती. मात्र कोणती लेन्स, हे ठरत नव्हते.

"काका, दुकानात म्हणाले की दुसरी लेन्स म्हणजे लांबचे जवळ आणणारी झूमच. सगळे तीच घेतात."

"सगळे तीच घेतात, हे दुकानदाराच्या फायद्याचे उत्तर झाले," मी म्हणालो. "तुझ्या गिऱ्हाइकाला काय हवे, ते आधी पाहू. तुझे गिऱ्हाईक म्हणजे आजी."

बत्तिसाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे इंद्रसभा. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर उघडे अंगण लागते. मधोमध अखंड खडकात कोरलेले छोटे मंदिर असून त्यात चारही दिशांना मुख असलेली सर्वतोभद्र प्रतिमा आहे. अंगणात एका बाजूस पूर्णाकृती हत्ती आणि दुसऱ्या बाजूस उंच स्तंभ. त्यापलीकडे दुमजली लेणे. वरच्या मजल्यावर हत्तीवर बसलेल्या वृक्षाखालच्या यक्षाला लोकांनी इंद्र समजले आणि त्यावरून लेण्यास हे नाव पडले. अभ्यासक त्यास मातंग किंवा सर्वानुभूती यक्ष मानतात. समोरची, आंब्याच्या झाडाखाली सिंहासह बसलेली देवी अंबिका होय.

नवशिक्याला पहिला मोह होतो तो या अंगणातच. हत्ती, स्तंभ, मंदिर आणि मागची दुमजली भिंत हे सारे एका चौकटीत यावे, असे वाटते. मध्यम आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरची लेन्स आडव्या चौकटीत सुमारे ६६ अंशांचा कोन पाहते. १० मिलिमीटरची अतिविशाल लेन्स सुमारे ९९ अंशांचा. फरक मोठा आहे खरा. पण अशी लेन्स जवळची वस्तू फुगवून दाखविते आणि लांबची लहान करते. शिवाय स्तंभाचे टोक धरण्यासाठी कॅमेरा वर कलविला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि स्तंभ पडत असल्याचा भास होतो. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो आणि तेथून खाली अंगणाकडे पाहिले. कॅमेरा जवळजवळ सरळ राहिला आणि जवळच्याच लेन्समध्ये मंदिराचे शिखर व त्यामागचा हत्ती नीट बसला. पायांनी जे साधले त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण उरले नाही.

दुकानदाराने सुचविलेल्या दूरच्या झूमचाही विचार प्रामाणिकपणे केला. वरच्या दालनाच्या छतावर मोठे कमळ कोरलेले आहे आणि प्राचीन चित्रांचे अवशेषही आहेत. त्यांचे तपशील टिपण्यास ती लेन्स उपयोगी पडली असती. परंतु २५० किंवा ३०० मिलिमीटरच्या स्वस्त झूमचे भिंग त्या टोकाला साधारण एफ ५.६ किंवा ६.३ एवढेच उघडते. उन्हातील पक्षी, क्रिकेटचा सामना, डोंगरावरचे दूरचे शिखर यांसाठी ती उत्तम. अंधाऱ्या दालनात मात्र उजेडाअभावी हतबल. तीर्थक्षेत्री दूर गाभाऱ्यातील मूलनायकांची प्रतिमा जवळ आणता येईल, असे काहींना वाटते. तेथे दुसरी अडचण आहे. देलवाड्यास छायाचित्रणच वर्ज्य आहे. राणकपूरला खांबांची आणि छतांची छायाचित्रे घेता येतात, पण तीर्थंकरांच्या प्रतिमांची नाही. जेथे पूजा चालते तेथे आधी विचारणे हा आपला रिवाजच आहे. ज्याची परवानगी नाही त्यासाठी लेन्स घेणे, म्हणजे जो माल विकता येणार नाही त्याने वखार भरणे होय.

आता मुख्य काम. येथील जैन लेण्यांत पार्श्वनाथ आणि बाहुबली यांची शिल्पे अनेकदा समोरासमोर आढळतात. एकीकडे कमठाचा उपसर्ग सहन करणारे पार्श्वनाथ, वर धरणेंद्राच्या फण्यांचे छत्र, बाजूस छत्र धरलेली पद्मावती. दुसरीकडे कायोत्सर्गात उभे बाहुबली, पायांपासून दंडापर्यंत चढलेल्या वेली, पायाशी निर्भय बसलेली हरिणे आणि दोन्ही बाजूंस त्यांच्या भगिनी. एकाने बाहेरचा आघात सोसला, दुसऱ्याने आतल्या अहंकाराचा शेवटचा धागा तोडला. या दोन शिल्पांमध्ये उभे राहिले की कोणत्याही प्रवचनाविना अर्थ कळतो.

परंतु या मूर्ती भिंतीच्या कोनाड्यांत, खांबांच्या मागे आहेत. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्याने सकाळी आत काळोख असतो आणि दुपार कलल्यावर ऊन जमिनीवर येऊन त्याचा परावर्तित उजेड मूर्तींपर्यंत पोहोचतो. आम्ही त्याच वेळी तेथे होतो. तरीही संवेदनक्षमता १६०० ठेवली असता कॅमेरा सेकंदाचा दहावा भाग मागत होता. तिच्या लेन्समध्ये हाताचा कंप सावरण्याची सोय नव्हती. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. फ्लॅशचा प्रश्नच नाही. तो चित्रांना अपायकारक, आणि समोरून पडणारा उजेड कोरीव कामाची सारी खोली पुसून टाकतो. संवेदनक्षमता ६४०० केली तेव्हा बाहुबलींच्या मुखावर वाळू पसरल्यासारखे दाणे दिसू लागले.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून आम्ही छत्रपती संभाजीनगरला मुक्कामी आलो. घरी परतल्यावर आईने सारी छायाचित्रे सावकाश पाहिली. अंगण ओळखले, हत्ती ओळखला. बाहुबलींपाशी थांबून ती म्हणाली, "वेली दिसतात गं, पण मुख कुठे आहे?"

एका वाक्यात लेन्स ठरली. कमतरता रुंदीची नव्हती आणि दूर पाहण्याचीही नव्हती. कमतरता उजेडाची होती.

उजेडाचा हिशेब व्यापाऱ्याच्या घरातील कोणासही समजेल असा आहे. लेन्सवर लिहिलेला एफचा आकडा जितका लहान, तितके भिंग मोठे उघडते आणि दोन आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग केला की उजेड किती पट वाढला ते कळते. सोबतची लेन्स ३५ मिलिमीटरला साधारण एफ ४.५ इतकी उघडते. त्याच मापाची स्थिर, म्हणजे झूम नसलेली, एफ १.८ ची लेन्स घेतली तर ४.५ भागिले १.८ म्हणजे अडीच आणि अडीचचा वर्ग सव्वासहा. सहापट उजेड! सेकंदाच्या दहाव्या भागाऐवजी साठावा भाग पुरेल, तोही संवेदनक्षमता न वाढविता. हातात धरून टिपण्यासाठी जुना आडाखा असा की लेन्सच्या मापाला संवेदकाच्या गुणकाने, म्हणजे सुमारे दीडने गुणावे आणि सेकंदाचा तितकावा भाग ठेवावा. ३५ ला दीडने गुणले की साधारण ५२. साठावा भाग त्यात बसतो.

मग अनेकजण सुचवितात ती ५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स का नको? एफ १.८ ची ही लेन्स बहुतेक कंपन्यांकडे सर्वांत कमी किमतीची असते आणि माणसांच्या चेहऱ्यांसाठी सुरेख असते. पण तिचा आडाखा पंचाहत्तरावा भाग मागतो आणि जागाही अधिक मागते. दोन मीटर उंचीची मूर्ती उभ्या चौकटीत पूर्ण बसवायची तर ३५ च्या लेन्सने तीन मीटर, ५० च्या लेन्सने सव्वाचार मीटर मागे जावे लागते. त्या सव्वा मीटरच्या आत मागचा खांब आड येतो. ज्यांच्याकडे मोठ्या, पूर्ण आकाराच्या संवेदकाचा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी मात्र ५० चीच लेन्स हे काम करील.

हे मोजमाप नवी लेन्स हाती येण्यापूर्वीच करता येते. पुतणीने घरच्या ओसरीवर जुनी लेन्स ३५ वर ठेवली आणि तासभर झूमला हात न लावता वावरली. मग ५० वर ठेवून तसेच केले. कोणते माप आपल्या डोळ्याला आणि जागेला मानवते, ते फुकट कळले. त्यानंतर आम्ही वर्षभराच्या छायाचित्रांची खतावणी मांडली. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत ते किती मिलिमीटरला घेतले याची नोंद राहते. तिची बरीचशी छायाचित्रे ३० ते ४० च्या दरम्यानची निघाली: आजी निवडणटिपण करताना, पर्युषणातील पारणे, दुकानाच्या गादीवर बसलेले आजोबा. सगळे घरातले, सगळे कमी उजेडातले. पुढचा माल भरण्यापूर्वी मागच्या वर्षी काय खपले ते पाहतात. लेन्सलाही तोच नियम.

येथे आणखी एक विचार मांडावासा वाटतो. छायाचित्रणाच्या छंदात एका लेन्समागून दुसरी येते आणि कपाट भरत जाते. आपल्याकडे गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत सांगितले आहे. मुनींसारखा सर्वत्याग त्यात अपेक्षित नाही, मर्यादा आधी ठरविणे अपेक्षित आहे. पुतणीने स्वतःहून नियम केला: लेन्स दोनच, तिसरी घ्यायची झाली तर आधीची एखादी दुसऱ्या शिकणाऱ्याच्या हाती जाईल. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पिशवी कापडी घेतली, कारण कातड्याची वस्तू मंदिरात नेता येत नाही. पूर्वीच्या फिल्मवर जिलेटिनचा थर असे आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून तयार होई; डिजिटल कॅमेऱ्याने तो दोष तरी टाळला.

महिनाभराने आम्ही ३५ ची लेन्स घेऊन पुन्हा वेरूळला गेलो. नव्या लेन्सची एक मर्यादा येथे लक्षात ठेवावी लागते. भिंग पूर्ण उघडले की स्पष्ट दिसणारी खोली कमी होते. तीन मीटरवर ती साधारण अर्धा मीटर भरते, पण मुखासाठी दीड मीटरवर गेले तर जेमतेम तेरा सेंटिमीटर उरते. म्हणून तिने रोख नेमका डोळ्यांवर धरला, श्वास रोखला आणि खांबाला पाठ टेकून पाच-सहा छायाचित्रे घेतली. चौतिसाव्या लेण्यापर्यंत जाऊन, वर चारणाद्रीवरील पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन आम्ही उतरलो. तेथील भव्य प्रतिमेवर शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५ चा लेख आहे.

बाहुबलींचे छायाचित्र मोठ्या आकारात छापून घेतले. आईने ते हाती घेतले, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले. ओठांवरील झीज तिने बोटाने दाखविली. पूर्वी पाहिली तेव्हाही ती होती, असे म्हणाली. मग नवकार म्हणून छायाचित्र खोलीतल्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावावयास सांगितले, देवघरात नव्हे. प्रतिष्ठा प्रतिमेची होते, कागदाची नाही, हे ती जाणते.

आपल्या घरांत अशी वृद्ध मंडळी पुष्कळ आहेत, आणि हाती कॅमेरा असलेली मुलेही. त्यांनी लेन्स घेण्यापूर्वी जाहिराती वाचण्याऐवजी एकदा घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की तुम्हाला काय पुन्हा पाहावयाचे आहे. वेरूळला जावयाचे असेल तर मंगळवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. सकाळी कैलास पाहून दुपारनंतरचा वेळ उत्तरेकडील लेण्यांसाठी राखावा, आणि डबा सूर्यास्तापूर्वी उघडता येईल असा बेत करावा.