एक जून

आमच्या वऱ्हाडात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. ही करामत आम्हा मास्तरांची. जूनमध्ये सहा पूर्ण झाले की पहिलीत नाव घालता यायचं, म्हणून तारीख माहीत नसली की ‘एक जून’ लिहून मोकळं व्हायचं. मीही आयुष्यभर तेच केलं.

कारंज्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या पोरीची ही गोष्ट, तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी लिहिलं नसतं.

२०२४ च्या दिवाळीनंतर शाळेतून फोन आला, “सर, तुमच्या हातची नोंद आहे. वाशीमला बालकल्याण समितीपुढे यावं लागेल.” झालं होतं असं: कारंज्याच्या बसस्टँडवर अमरावतीच्या गाडीत एक बाई एका पोरीला घेऊन बसली होती. पोरीच्या हातात हिरवा चुडा अन् पायात शाळेचे काळे बूट. ते बूट पाहून कंडक्टरबाईला खटकलं. बडनेऱ्याहून रेल्वेने राजस्थान, तिथे लग्न. बापाच्या हाती पैसे पडले होते.

बाईने आधार कार्ड पुढे केलं. जन्म २००५. म्हणजे पोरगी एकोणीस वर्षांची, राजीखुशीने निघालेली!

इथे माझं रजिस्टर आलं. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ९४ वय ठरवायची पायरी सांगतं: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार त्यात कुठेच नाही. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही नुकतंच, २४ ऑक्टोबरला, म्हटलं होतं. पोरीचा जन्म वीटभट्टीवरचा, नोंद कुणी केली नव्हती. उरलं काय, तर माझं अक्षर.

दाखलखारीज रजिस्टर टेबलावर उघडलं. निळी शाई थोडी पसरलेली. ‘०१/०६/२०१०, एक जून दोन हजार दहा.’

२०१६ ची ती सकाळ मला आठवत होती. आई पोरीला घेऊन आली, जवळ कागद एकही नाही. शिक्षणहक्क कायद्यामुळे वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नव्हतं. मी जुन्या रीतीने म्हटलं, “हात डोक्यावरून घे अन् पलीकडचा कान धर.” बोटं कानापर्यंत पोचेनात. पोरीने मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, तरी नाही. आई म्हणाली, “जून लिवा न जी, खिचडी तरी खाईन.” साल तिने सांगितलं होतं, लेक भट्टीवर झाली ते. तारीख मी घातली.

समितीतल्या बाईंनी विचारलं, “सर, तारीख कशावरून लिहिलीत?”

‘पालकांच्या सांगण्यावरून’ हे आमचं ठेवणीतलं उत्तर तोंडाशी आलं होतं. पण दुसऱ्या बाजूचा वकील उद्या हाच प्रश्न विचारेल, हेही दिसत होतं. म्हटलं, “साल आईचं, तारीख माझी. पण २०१६ ला हिचा हात कानाला पोचत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २००५ चा जन्म असता तर तेव्हा ही अकरा वर्षांची असती. अकरा वर्षांच्या पोरीला दोन्ही कान धरता येतात.”

एक सदस्य हसले. बाईंनी मात्र सगळं शब्दशः लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत आदेश झाला: पोरगी अठराच्या आतली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक, सध्या बालिकागृहात. गाडीतली बाई अन् बाप पोलिसांकडे.

परतीच्या एसटीत आई माझ्यापुढच्याच बाकावर. मी बोललो नाही, ती बोलली नाही. माझ्यामुळे घर फुटलं असं तिला वाटत असेल, तर त्यावर माझ्याजवळ उत्तरही नव्हतं. मंगरूळपीरला गाडी थांबली तेव्हा ती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली,

“जूनात नाही झाली जी ते. आश्विनात झाली. भट्टी नुकतीच लागली होती, अन् शेजारच्या वावरात सोयाबीन सोंगणं चालू होतं.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस, बाई?”

“तुमी इचारलंच नाही. कान धरा म्हने.”